मिरचीवालीचं कपाळ

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

वाचणाऱ्या बाबा, तू बहुतेक दत्तूच असणार, आणि सगळं विसरलेला असणार. चष्मा कपाळावर चढवून 'चष्मा कुठाय' म्हणत घरभर उचकपाचक करणारा माणूस तू. मीठ आणायला जातोस आणि मीठवाल्याचा फोटो घेऊन येतोस. उद्या म्हणशील, आजे, असं काही झालंच नव्हतं. म्हणून आजपासून लिहून ठेवायचं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, तुझी बायको लिहिते. भांडी झाली की दुपारी, तू स्टुडिओत असताना. मी न्हाई म्हणते, सुधा नाही लिहिते. पुण्याची आहे, चालायचंच.

आजचं. दत्तू, सुधा त्याला नुसतं द. लिहिते, काल चाकणच्या बाजारात जाऊन आला. कुणाचं लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. लग्नाचे फोटो काढून चिंचवडात आमचं घर चालतं, आणि रस्त्यावरच्या माणसांचे काढून याचा जीव चालतो. आज एक फोटो दाखवला. मिरचीवाली बाई. हातात तागडी, मिरचीचा खकाणा उडालेला, पुढचं गिऱ्हाईक शिंकायच्या बेतात तोंड वासून उभं, आणि ही एक डोळा मिटून हसतेय. पोटातून हसतेय. फोटो चांगला आहे. मी तसं बोलले नाही. विचारलं, "बाई कोळसा विकते का रे?"

तोंड पडलं. मिरच्यांचा ढीग काळाकुट्ट. तांबडा रंग फोटोत काळाच उतरतो म्हणे.

५ फेब्रुवारी

कोळशाचं त्याला फार लागलंय. वांग्याची भाजी पुढं ठेवली तर तिच्याकडंसुद्धा रागानं बघत होता.

कारण असं, पुण्यात हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. पाडव्याला त्यांचं प्रदर्शन. प्रत्येकानं एकच फोटो द्यायचा. हा मिरचीवाली देणार. तिथल्या एका सद्‌गृहस्थांनी सांगितलं, रस्त्यावरचा फोटो काळापांढराच पाहिजे, रंग म्हणजे कॅलेंडर. द.नं ते घोकलंय. मला समजावून सांगतो, आजे, काळ्यापांढऱ्यात माणूस दिसतो, रंगात लुगडं दिसतं.

म्हटलं, मग बाईनं माणूस दिसायचं असेल तर नेसूच नये की काय.

सुधा हसली. तो बाहेर निघून गेला. (मी हसले नव्हते. —सु.) हसली होती.

९ फेब्रुवारी, शनिवार

सुधानं आज मिरच्या रंगवल्या. द.च म्हणाला, दुसरी प्रत घे आणि रंगव एकदाची, आजीच्या डोळ्यांना दिसू देत मिरच्या.

हे काम तिचं. काडीच्या टोकाला कापसाचा बोळा गुंडाळायचा, नळीतला रंग चिमूटभर घ्यायचा आणि फोटोवर हलक्या हातानं फिरवायचा. लग्नाच्या फोटोत शालू हिरवा, शेला तांबडा, नवरा गोरा. नवरा गोरा हा जास्तीचा रंग, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

मिरच्या झाल्या तेव्हा माझ्या नाकात खाज आली, इतक्या खऱ्या. मग लुगडं. सुधानं विचारलं, कोणत्या रंगाचं होतं? द.ला आठवेना. माणूस बघत होता ना तो. तिनं हिरवं केलं. मिरच्यांचा तांबडा बोळा हातात होताच, कपाळावर एक काळा ठिपका दिसत होता, त्यावर टेकवला. झालं कुंकू. बाई एकदम जिवंत झाली. आता हाक मारील असं वाटलं.

उद्यापासून स्टुडिओच्या काचेत दोन्ही फोटो शेजारीशेजारी. बघू लोक कुठं थांबतात, म्हणाला.

१२ फेब्रुवारी

लोक रंगीतपाशी थांबतात. भोंगा झाला की पिंपरीच्या कारखान्यातले सायकलवाले घरी जाता जाता एक पाय जमिनीला टेकवून बघतात. एकजण खरंच शिंकला, असं द. सांगतो. द.वर किती विश्वास ठेवायचा.

काळ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्याचं तोंड कडू.

फोटोला काच-चौकट करणारे पिंपरीचे रहिमानचाचा तेवढे काळ्यापुढं उभे राहिले. म्हणाले, दत्तूमियाँ, रंग उन्हानं उडून जाईल, हा राहील. द. त्यांना चहा पाजून आला. स्वतःच्या बाजूनं बोलणाऱ्याला चहा, आजीला तोंड वाकडं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट झालं.

द.चा डबा घेऊन मी स्टुडिओत गेले होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, पांढरा फेटा. आत अंधारच पडला. नाव कोंडिबा, गाव कुरुळी. काचेतल्या रंगीत फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही आमची भावजय हाय. अनसूया. माझा भाऊ जाऊन वर्सं झाली. आन हिच्या कपाळाला कुंकू कुणी लावलं?"



मग तो एकेक बोलत गेला. कुरुळीचा कुणी पोरगा पिंपरीच्या कारखान्यात आहे. त्यानं काचेत फोटो पाहिला आणि चावडीवर सांगितलं. गावात पांढरं कपाळ आणि बाजारात तांबडं. हिरवं लुगडं. कुणी म्हणतं नुसता नटवेपणा, कुणी म्हणतं चाकणला दुसरा नवरा करून, पाट लावून बसलीय. सासूनं तिचा बाजार बंद केला. बाई रडून सांगते मी लावलं नव्हतं, पण फोटोपुढं तिचं कोण ऐकतं. सासूचा हुकूम झालाय, पाट लावला असेल तर जा बाई त्याच्याकडं, पण पोर आमची, ती इथंच राहील. अनसूयेला लहान मुलगी आहे. यमुना.

"आन हसतीय बगा कशी," कोंडिबा शेवटी म्हणाला. हे मात्र हळू म्हणाला. मला वाटतं, कुंकवापेक्षा ते जास्त बोचलंय.

आणि माझा नातू या सगळ्यात काय करत होता? तो माणूस दारात बोट उगारून उभा, मागून ऊन, फेटा उजळलेला. द.नं कॅमेरा उचलला आणि फोटो काढला. कोंडिबाला रागात कळलंसुद्धा नाही. मी काठी आपटली. या पोराचा हात डोक्याच्या आधी उठतो.

तो गेल्यावर दोन्ही फोटो काचेतून उतरवले.

२० फेब्रुवारी

सुधा माझ्या डोक्याला तेल लावत होती. हात थांबला. मला वाटलं ऊ सापडली. तिचं बोट माझ्या कपाळावर येऊन टेकलं.

माझ्या कपाळावर गोंदण आहे. मी लहान असताना गोंदणारीकडं तिळाएवढं मागितलं होतं, तिनं हरभऱ्याएवढं दिलं. हिरवं. सुधा रोज बघते. पण तिच्या माहेरी कुणी गोंदत नाही, म्हणून बघते तरी दिसत नाही.

ती उठली, भिंतीवरचा माझा फोटो काढून आणला. द.नंच काढलेला. त्यात माझं गोंदण काळं. मिरचीवालीचा साधा फोटो शेजारी ठेवला. तिच्या कपाळावर तसाच काळा ठिपका. फोटोत गोंदण काळं, कुंकू काळं, तीट काळी, माशी बसली तर तीही काळी.

सुधा रडायला लागली. रडून होऊ दे, मग लिही. तुझ्या हातानं लिही की कुंकू तू लावलंस.

(मी लावलं. न विचारता लावलं. —सु.)

द. जेवायला आला तेव्हा दोघांची जुंपली. तो म्हणाला, म्हणून मी सांगत होतो, रंग खोटं बोलतो. ती म्हणाली, आणि तुमचा काळा काय खरं बोलत होता? त्यातही बघणाऱ्यानं कुंकूच म्हटलं असतं, मी नाही का म्हटलं? तो म्हणाला, माझा फोटो काहीच बोलत नव्हता. ती म्हणाली, तेच म्हणते मी, गप्प बसत होता.

मला दोघांचंही पटलं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

चैन नाही. दळायला बसले तर जोंधळे तसेच जात्यात राहिले.

पोर काढून घेणार तिची. एका बोळ्यापायी.

कुरुळीला जायचं ठरलं. पण जाऊन दाखवायचं काय? द. म्हणतो साधा फोटो दाखवू, त्यात रंग नाही. अरे शहाण्या, ठिपका आहे ना. सुधा म्हणते मी पाया पडून सांगते, मी लावलं. सांगेल. ते म्हणतील, फोटोवाल्याची बायको, फोटोवाल्याची बाजू घेणार. त्या लोकांनी रंग चढताना कधी पाहिलेला नाही. त्यांना वाटतं, पेटीत जसं दिसलं तसं कागदावर आलं. आरशासारखं.

मग मला सुचलं. द.ला विचारलं, त्या कोंडिबाचा फोटो धुतलास का रे? ओशाळला. धुतला होता. मोठा करूनसुद्धा ठेवला होता.

म्हटलं, घे तो. सुधे, रंगांची पेटी घे.

२४ फेब्रुवारी, रविवार

नाशिक फाट्यापर्यंत टांगा, तिथून एसटी. सुधा पेटी मांडीवर घेऊन बसलेली, जसं काय मूल. मोशीच्या पुढं धूळच धूळ.

कोंडिबाचं घर रस्त्यालगत. ओटीवर सासू बसली होती, लसूण सोलत. वाळकी बाई, नजर विळ्यासारखी. अनसूया दाराआड. पाय तेवढे दिसत होते. शेजारपाजारचे जमले, त्यांना बोलवायला लागलं नाही.

मी सासूला म्हटलं, बाई, भांडायला नाही आले, करमणूक घेऊन आलेय. तुमच्या लेकाचा फोटो काढलाय, बघा. कोंडिबा चपापला. फोटो हातोहात फिरला. दारात बोट उगारलेला, पांढरा फेटा. छान आलाय म्हणाले सगळे. तोही जरा सैलावला, मिशीवरनं हात फिरवला.

सुधाला म्हटलं, कर सुरुवात.

तिनं पेटी उघडली. आधी फेटा घेतला. गुलाबी. सगळ्यांच्या देखत पांढऱ्याचा गुलाबी होत गेला. "माझा फेटा पांढरा हाय," कोंडिबा म्हणाला. मी म्हटलं, असेल की. सुधे, सदरा हिरवा कर. केला. ओठ तांबडे कर. केले. आता बायाबापड्या पदर तोंडात घालून हसायला लागल्या. तेव्हा सुधा बोळा खाली ठेवायला लागली. ओळखलं मी. म्हटलं, थांबू नकोस, आता कपाळ.

तिनं तांबडा बोळा घेतला आणि कोंडिबाच्या कपाळावर ठसठशीत टेकवला.

कुणीतरी म्हातारा फसकन हसला आणि मग ओटी हसली. कोंडिबा लाल. फोटोत आणि बाहेर.

मी त्याला विचारलं, "आता चावडीवर जाऊन सांगू का, कोंडिबानं पिंपरीला जाऊन कुंकू लावलं म्हणून?"

त्यानं फेटा सारून कपाळ चोळलं. म्हणाला, "न्हाई लावलं मी."

"तिनं पण न्हाई," मी म्हटलं.

मग सुधानं पेटीशेजारी अनसूयेचे दोन्ही फोटो मांडले. साधा आणि रंगीत. सासूला जवळ बोलावलं, माझं कपाळ दाखवलं, ठिपक्यावर बोट ठेवलं, सांगितलं की मी गोंदणावर रंग दिला, चूक माझी. चांगलं बोलली. रडली नाही. सासूनं हाक मारली, अनसूया बाहेर आली. कपाळावर हिरवं गोंदण, माझ्यापेक्षा नाजूक. जिनं गोंदलं तिचा हात चांगला होता.

सासू हसली नव्हती. पण लसणाचं सूप बाजूला सारलं. म्हणाली, पोर आईकडंच राहील. बाजारालाही जाऊ दे. तो रंगवलेला फोटो मात्र फाडा.

मी म्हटलं, फाडते.

चहा झाला. गुळाचा. कोंडिबा हळूच विचारत होता, गुलाबी फेटा पुसता येतो का. येतो म्हटल्यावर म्हणाला, राहू द्या, फक्त कपाळ पुसा.

२५ फेब्रुवारी

एक गोष्ट काल लिहिली नाही, कारण द. घरात होता. सुधे, दार लोटून घे.

निघताना अनसूया हंडा घेऊन आमच्या बरोबर आली, आडापर्यंत. द. पुढं चालत होता. ती मला म्हणाली, फोटो द्या बघू एकदा. मी रंगीत दिला. हंडा खाली ठेवून बघत राहिली. मला वाटलं शिव्या घालील, तिचा हक्क होता.

"लगीन झालं तवा मी एवढुशी," ती म्हणाली. "आमच्यात आरसा कुठं व्हता. सासूबाई कुंकू लावायच्या, मी डोळं मिटून घ्यायची. लोकांनी पायलं, मालकांनी पायलं. मी न्हाई पायलं कधी." मग फोटो मला परत दिला. "फाडू नका, आजी."

मी एका बाईला फाडते म्हटलं होतं, घटकाभरापूर्वी. दुसरीला नाही फाडत म्हटलं.

ही अशी मी. दोन घरची पाहुणी.

फोटो माझ्या गोधड्यांच्या घडीत आहे. सुधा, तू लिहितेस म्हणजे तुला कळलं. गप्प बसायचं. (बसते. —सु.)

४ मार्च

द. चाकणला गेला होता, अनसूया बाजारात बसलेली पाहून आला. तिच्यासमोरून कॅमेरा पिशवीत घालून गेला म्हणे. पहिल्यांदाच.

हसत होती का, विचारलं. म्हणाला, मिरच्या तोलत होती.

१६ मार्च, होळी

पुढच्या आळीतली पोरं गोवऱ्या चोरून नेताहेत. न्या.

रहिमानचाचा आले होते. त्यांचा मेहुणा मुंबईला फोटोच्या दुकानात असतो. तिथं आता अशी फिल्म मिळते म्हणे, तिला रंग आपोआपच कळतात. बोळा नको, पेटी नको. धुवायला मात्र लांब पाठवावी लागते. द.चे डोळे चकाकले. म्हणाला, बस्स, मग भांडणच संपलं. जे आहे तेच उतरेल. मिरची तांबडी, लुगडं जे असेल ते, गोंदण हिरवं. कुणी खोटं म्हणणार नाही, कुणी गप्प बसणार नाही.

खरं आहे. चाचा गेल्यावर मी तेच घोळवत बसले. त्या फिल्मवर अनसूयेचं कपाळ हिरवं येईल. सासूला चालेल, कोंडिबाला चालेल, चावडीला चालेल. साध्या फोटोत ज्याला जे बघायचं ते तो बघेल. आणि सुधाच्या बोळ्यातलं जे आहे, ते झालेलंच नाही. तरी अनसूयेनं तेच मागितलं.

मला फोटोतलं कळत नाही. मला इतकंच कळतं की हे तीन फोटो तीन बायांचे आहेत.

सुधा म्हणते, आजी, ती एकच बाई आहे. असेल. तू अजून तरणी आहेस.

२३ मार्च, शनिवार

द.ला सापडला.

गोधड्या उन्हात टाकायला काढल्या. मीच विसरले. आता म्हण मला विसरभोळी. घडी सुटली, फोटो अंगणात. द.नं उचलला. मी तयारीत होते, ओरडेल म्हणून. ओरडला नाही. पायरीवर बसून बघत राहिला. मी अनसूयेचं सगळं सांगून टाकलं. आडापाशी काय म्हणाली तेही.

मग म्हणाला, आजे, हाच फोटो आहे. हाच द्यायला पाहिजे पुण्याला.

ज्यानं महिनाभर कॅलेंडर-कॅलेंडर करून माझे कान किटवले, तोच हा. आणि सुधा, जिनं रंगवला, ती आता म्हणते, नाही, साधाच द्या. पुण्याला प्रदर्शनात कुरुळीचं कुणी गेलं तर? पुण्यात भाजी घेऊन जातातच लोक. पुन्हा तेच. आणि सासूला शब्द दिलाय.

तो म्हणतो, साधा दिला तरी ठिपका आहेच. हसणं आहेच. कुंकू पुसशील, हसणं काय घालून पुसशील?

 मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी काय पंच आहे? म्हटलं, कपाळ माझं नाही, तुझं नाही, हिचंही नाही. जिचं आहे तिला कुणी विचारलंय का?

द. इतकी वर्षं रस्त्यावर माणसं टिपतो, त्याला हे कधी सुचलंच नव्हतं. मलाही आत्ताच सुचलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

२८ मार्च

द. चाकणहून आला. तिला विचारलं त्यानं. भर बाजारात, पोत्यांच्या मध्ये उकिडवा बसून. दोन्ही फोटो पिशवीतून अर्धे काढून दाखवले आणि म्हणाला, बाई, पुण्याला एकच लावायचा आहे. साधा लावू, रंगीत लावू, की कुठलाच नको? तुम्ही म्हणाल तसं. कुठलाच नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही.

कुठलाच नको, हे तो वाटेत स्वतःच्या मनानं घालून आला. ते ऐकून मला जरा बरं वाटलं त्याच्याबद्दल.

ती आधी गिऱ्हाइकाच्या मिरच्या तोलत राहिली. गिऱ्हाईक गेलं. मग म्हणाली, "कुठलं पायजे, असं मला आजवर कुणी इचारलंच न्हाई. एकदम कसं सांगू. पाडव्याच्या आदल्या दिशी घरी या."

घरी, द. म्हणाला. म्हणजे सासूसमोर.

व्हय, म्हणाली, सासूबाईंसमोरच.

तो हे सांगत असताना सुधाच्या हातातली परात खाली पडली. (निसटली. —सु.)

३० मार्च, शनिवार

उद्या द. सकाळच्या एसटीनं कुरुळीला, तिथून परस्पर पुण्याला. संध्याकाळच्या आत मंडळाच्या माणसांकडं फोटो पोचायला हवा. दोन्ही फोटो पुठ्ठ्यात घालून बांधलेत. पाठीला पाठ लावून, म्हणजे रंग लागायला नको.

घर नुसतं अस्वस्थ. द. तीनदा बांधलेली सुतळी सोडून पुन्हा बांधतोय. सुधा तांबडी नळी झाकून ठेवते, उघडते, झाकून ठेवते. मी नुसती आडून बघते.

अनसूया सासूसमोर काय म्हणेल ते सांगता येत नाही. साधा म्हणेल तर सासू सुटकेचा श्वास सोडेल आणि ती आत जाऊन चुलीत फुंकर घालील. रंगीत म्हणेल तर सासू मला विचारेल, फाडते म्हणाला होतात ना?  मी म्हटलं मीही येते. द. नको म्हणाला. बरोबर आहे त्याचं. मी गेले की ती माझ्या तोंडाकडं बघून सांगेल.

किंवा कुठलाच नको म्हणेल. मग हा पुण्याला रिकाम्या हातानं जाईल आणि तरी जाईल, मला माहीत आहे. इतरांचे फोटो बघत फिरेल आणि येऊन म्हणेल, आजे, एकही चांगला नव्हता.

सकाळी सुधाला विचारलं, तुला काय वाटतं गं, काय म्हणेल ती? ती म्हणाली, मला नाही सांगता येत, माझं कपाळ मी रोज आरशात बघते. शिकलेली आहे, पण कधी कधी नीट बोलते.

आता पुरे. लेखणी ठेव आणि चुलीकडं जा. सणाच्या आदल्या दिवशी कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जाऊ नये. पुरणपोळी देऊ नकोस. पुरणपोळी म्हणजे गोडाचं, पाहिली की अख्खी कुरुळी विचारील, कुणाचं काय ठरलं. त्यापेक्षा आज पापडाचं पीठ दळलंयच, ते भिजवून कूट, त्याच्या लाट्या कर, तेलात चांगल्या घोळव आणि पळसाच्या पानात बांधून द.च्या पिशवीत घाल. यमुनासाठी म्हणून दे, म्हणजे सासूलाही घेता येतील. आणि तिखट बेतानं टाक, मिरचीवालीच्या घरी आपण काय तिखट न्यायचं.